शिडाची होडी आणि बाबांचा अकराशे

दिग्रसकडच्या एका सव्वीस वर्षांच्या पोराचा प्रश्न आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. ऑक्टोबरपासून मेपर्यंत गोव्यात एका ३४ फुटी शिडाच्या होडीवर राहायचं काम मिळालंय. मालक-मालकीण दोघंही साठी ओलांडलेले, होडीची वीज आणि किरकोळ दुरुस्ती बघणारा माणूस त्यांना हवा आहे. तो विचारतो: समुद्रात रेंज किती लांबपर्यंत येते? चार्जिंगचं काय? महागाचा वॉटरप्रूफ फोन घ्यावा का? बाबांच्या पेटीत पडलेल्या नोकिया ११०० चा काही उपयोग होईल का? आणि आईची अट आहे, रोज रात्री आठ वाजता फोन झालाच पाहिजे.

भाऊ, शेवटून सुरू करतो. ती अट कबूल करू नको. बाकी सगळ्याला तोड निघते, त्या अटीला निघत नाही.

माझं सांगतो, म्हणजे हे कुठून बोलतोय ते कळेल. २००३ ते २०११ मी आर्णीला मोबाईल दुरुस्तीची टपरी चालवली. नंतर गोव्यात एका दुकानात कामाला गेलो, तिथं ओला फोन घेऊन आलेल्या एका होडीमालकानं फोनसोबत मलाच उचललं. सहा हंगाम त्यांच्या होडीवर काढले, मुंबई ते कोची. आता परत गावी आहे, पऱ्हाटी आणि तूर.

पहिल्याच हंगामात मी आईला म्हणून बसलो होतो, रोज आठला करतो. पंधरा दिवस पाळलं. सोळाव्या दिवशी वारा पडला म्हणून आम्ही एका छोट्या खाडीत शिरलो. तिन्ही बाजूंनी डोंगर, किनारा शंभर मीटरवर, कुणाच्या तरी घरातली फोडणी नाकाला लागत होती आणि रेंज शून्य. मी भात खाऊन झोपलो. इकडे आईनं नऊला भावाला उठवलं, दहाला सरपंचाला, अकराला आमच्या मामाला पुसदहून बोलावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगराबाहेर पडलो तेव्हा फोनवर सत्तावीस मिस कॉल. आईनं उचलला आणि एकच वाक्य बोलली, "जेवला का?" मग फोन भावाकडे दिला. भाऊ जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

म्हणून घरी वेळ सांगायची नाही, मुदत सांगायची. "आम्ही मंगळवारी सकाळी इथून निघतो, गुरुवारी संध्याकाळपर्यंत तिथं पोचू. शुक्रवारी दुपारपर्यंत माझा फोन नाही आला तर या नंबरवर कर." तो नंबर किनाऱ्यावरच्या अशा माणसाचा हवा, ज्याला होडीचं नाव, रंग, शिडाचा नंबर आणि वाट माहीत आहे. पुढचं त्यानं बघायचं, आईनं नाही. हे कागदावर लिहून देवघराजवळ चिकटव. पोचलास की पहिला फोन घरी, मग आंघोळ. अंदाजासाठी सांगतो: मुंबई ते गोवा समुद्रानं सव्वादोनशे नॉटिकल मैलांच्या आसपास पडतं. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. होडी पाच नॉटनं चालली, म्हणजे तासाला नऊ किलोमीटर, तर दोन दिवस लागतात. सायकलवर शाळेत जाणारं पोट्टं तुला मागं टाकेल. आणि वारा पडला की दोनाचे तीन दिवस होतात, म्हणून मुदत मोकळी ठेवायची.

आता रेंज. तुझ्या वयाच्या पोरांना रेंज नसणं म्हणजे काय ते नीट माहीत नाही, तुझ्या बाबांना विचार. आमच्या घरी पहिला फोन आला तेव्हा अख्ख्या घरात एकाच जागी रेंज यायची, पूर्वेच्या खिडकीजवळच्या खिळ्यावर. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या खिळ्याला टांगलेला असायचा. वाजला की ज्याचे हात मोकळे तो धावायचा आणि खिळ्यापासून न हलवता, मान वाकडी करून बोलायचा. भिंतीवर त्या जागी डोक्याच्या तेलाचा डाग पडला होता. लांबचं बोलायचं असेल तर धुऱ्यावरच्या लिंबावर चढायचं. समुद्रात हाच लिंब म्हणजे डोलकाठी.

हिशोब सोपा आहे. रेडिओच्या लहरी साधारण सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढ, त्याला ४.१ नं गुण, तेवढे किलोमीटर त्या उंचीवरून लहर पोचते. टॉवर ४० मीटरचा असेल तर त्याचे २६ किलोमीटर. तू होडीवर उभा, फोन पाण्यापासून २ मीटरवर, त्याचे जेमतेम ६. बेरीज ३२. फोन डोलकाठीवर ८ मीटर चढवला तर ६ चे साडेअकरा होतात आणि बेरीज ३८ च्या आसपास जाते. टॉवर डोंगरावर असेल तर आणखी वाढते, कोकणात तसे बरेच आहेत. हा झाला कागदावरचा हिशोब. होडी हलते, फोन खिशात असतो, तेव्हा त्यातला तिसरा हिस्सा सोडून दे. पण जुन्या टू-जी फोनला एक पक्की मेखही आहे. फोनचा सिग्नल टॉवरला ठरल्या वेळेत पोचावा म्हणून तो जरा आधी पाठवावा लागतो, आणि त्या 'आधी'ला ६३ पायऱ्यांची मर्यादा आहे. एक पायरी साधारण ५५० मीटर. म्हणजे ३५ किलोमीटरच्या पुढं स्क्रीनवर रेंजच्या कांड्या दिसल्या तरी फोन लागणार नाही. टपरीवर असताना हे मला माहीत नव्हतं. टेकडीवर जाऊन 'कांड्या फुल आहेत पण लागत नाही' म्हणणाऱ्याला मी सिम खराब आहे म्हणून पाठवून देत होतो. त्यातल्या काहींचं तरी सिम चांगलं असणार.

तेव्हा सरळ किनारा सोडून निघालास तर चार तासांत फोन संपला असं धर. किनाऱ्याकिनाऱ्यानं गेलास तर येत-जात राहील. आणि रेंज नसताना फोन चालू ठेवू नको. टॉवर लांब असला की फोन पूर्ण जोरानं ओरडतो, सापडला नाही तर शोधत बसतो, नि बॅटरी त्यातच जाते. खेड्यात दोन दिवस चालणारा फोन जंगलातल्या वावरात दुपारीच का मरायचा, त्याचं कारण हेच. फ्लाइट मोडवर टाक. जीपीएसला टॉवर लागत नाही, नकाशे आधीच उतरवून ठेवलेस तर होडी कुठं आहे ते तेव्हाही दिसतं.

डोलकाठीची युक्ती अशी. एक जुना स्मार्टफोन घे, हॉटस्पॉट चालू कर, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घाल आणि झेंड्याच्या दोरीनं वर चढव. खाली बसून तुझ्या फोनवर संदेश पाठव. पिशवीला खालूनही दोरी बांध, नाहीतर वाऱ्यानं डोलकाठीवर आपटून आपटून काच फुटते. माझे दोन फुटले.

चार्जिंगचं मनावर घेऊ नको. आजच्या ५००० एमएएचच्या फोनमध्ये १९ वॅट-तास मावतात. होडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून, गळती धरून, एकदा भरायला दोनेक अँपिअर-तास लागतात. अकराशेच्या ८५० एमएएचला जेमतेम ०.३. शंभर वॅटचं सोलर पॅनल आपल्या उन्हात दिवसाला पंचवीस-तीस अँपिअर-तास देतं. खाणारा आहे तो फ्रीज. उकाड्यात तो एकटा चाळीसच्या वर जातो. साधी लेड-ॲसिड बॅटरी १०० ची असली तरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे हातात ५०. हा ताळेबंद रोज सकाळी वहीत मांडणं हेच तुझं खरं काम आहे. एक चूक सगळे करतात: इन्व्हर्टर चालू करून घरचा चार्जर लावतात. १२ व्होल्टचे २३० करायचे आणि परत ५ करायचे, त्यात इन्व्हर्टर रिकामाच किती खातो ते मीटर लावून बघ. थेट १२ व्होल्टवरचा यूएसबी चार्जर बसव.

तुझ्या पिढीला हे जड जाईल, आम्हाला गेलं नाही. बारा-बारा तास लोडशेडिंग असायचं तेव्हा माझ्या टपरीत ट्रकच्या बॅटरीवर एकावेळी चौदा फोन लागायचे, पाच रुपयाला एक. फोनमधून बॅटरी काढून चिमट्यासारख्या चार्जरात अडकवायची, लाल-हिरवे दिवे लागायचे. बॅटरीवर स्केचपेननं गावाचं नाव. आठवड्याच्या बाजाराला आलेला कास्तकार सकाळी बॅटरी देऊन संध्याकाळी घेऊन जायचा आणि ती पुढच्या बाजारापर्यंत पुरवायचा. कशी? फोन बंद ठेवायचा, ठरल्या वेळी दहा मिनिटं चालू करायचा. होडीवर मालकानं मला हाच नियम मोठ्या गांभीर्यानं शिकवला तेव्हा मला हसू आलं.

आता अकराशे. हा फोन २००३ चा. त्याच वर्षी १ मेपासून आपल्याकडे येणारा फोन फुकट झाला. त्याआधी उचलायचेही पैसे पडायचे, म्हणून लोक वाजणाऱ्या फोनकडे बघत बसायचे. जगभरात अकराशे २५ कोटींच्या आसपास खपला म्हणतात. आमच्याकडे तो खपला टॉर्चमुळे. रात्रीचं ओलीत करताना एका हातात फावडं, दातात फोन, टॉर्चचा उजेड दांडावर. कीपॅडवर एकसंध रबर, त्यातून धूळ आत जायची नाही. माझ्याकडे तो दुरुस्तीला आला तरी बहुतेक वेळा रिंगर नाहीतर चार्जिंगची पिन, दुसरं काही नाही.

होडीवर त्याचे दोन खरे फायदे आहेत. पहिला, ओल्या बोटांनी चालतो. खाऱ्या पाण्याचे थेंब टचस्क्रीनवर पडले की फोन स्वतःच स्वतःला दाबायला लागतो. पावसात, शीड आवरताना, खारट हातांनी नंबर लावून दाखव म्हणजे कळेल. दुसरा, बंद करून ठेवला तर पंधरा दिवसांनी चालू केला तरी त्यात जीव असतो. तोटे: जीपीएस नाही, त्यामुळे तू कुठं आहेस हे तो सांगू शकत नाही. जिओचं सिम त्यात चालत नाही, ते नेटवर्क फोर-जीपासूनच सुरू होतं. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं घ्यावं लागेल. आजचं नॅनो सिम त्याच्या खाचेत ढिलं बसतं, अडॅप्टर लागतो. आणि पुढं परदेशी होडीवर जायचं ठरलं तर सिंगापूर, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत टू-जी बंदच झालंय, तिथं तो फक्त टॉर्च.

पेटीतून काढल्यावर आधी त्याला चार्जरला लावू नको. बॅटरी काढ, गुळगुळीत टेबलावर सपाट ठेव आणि बोटानं टिचकी देऊन फिरव. भोवऱ्यासारखी फिरली तर पोटात फुगलेली आहे, बाजूला काढ, कचऱ्यात किंवा चुलीजवळ टाकू नको. घासत जागीच थांबली तर सपाट आहे. वीस वर्षांनी सपाट निघाली तरी तिच्यात दम नसेल, नवी घे. ती बॅटरी अजून छोट्या रेडिओत आणि स्पीकरमध्ये वापरतात, बाजारात मिळते. मग टी-६ च्या पेचकसानं फोन उघड, बोर्डावर हिरवट काही दिसलं तर आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि जुना दातब्रश.

आयपीएवरून आठवलं, महागाचा वॉटरप्रूफ फोन. त्या चाचण्या गोड्या पाण्यात होतात. खरा शत्रू पाणी नाही, मीठ आहे. पाणी वाळतं, मीठ राहतं आणि हवेतली ओल ओढत बसतं. पोर्टमध्ये मिठाचा कण असताना चार्जर लावला की पिना हिरव्या पडतात. मालकाचा फोन एकदा किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीच्या तळाशी साचलेल्या खाऱ्या पाण्यात पडला. मी तो उचलला आणि सरळ प्यायच्या पाण्याच्या भांड्यात बुडवला. मालक ओरडले, एक तर त्यांचा फोन आणि वर प्यायचं पाणी! त्यांना वाटलं पोरगं येडं झालं. पण क्रम तोच आहे: खाऱ्यात पडला तर बंद कर, बॅटरी निघत असेल तर काढ, गोड्या पाण्यानं मीठ धुऊन काढ, मग आयपीए, मग सावलीत वाऱ्यावर दोन दिवस. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही. आमच्याकडे तुरीच्या डाळीत ठेवायचे, चार्जिंगच्या भोकातून डाळ मीच काढलीय. तेव्हा महागाचा घेऊ नको. मध्यम किमतीचा घे, चांगली पिशवी घे, रोज रात्री पोर्ट पुसून काढ.

आणि फोन होकायंत्राजवळ ठेवायचा नाही. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो. मी सुकाणूवर असताना फोन होकायंत्राशेजारच्या खाचेत ठेवला होता, गाणी ऐकत होतो, आणि सुई चांगली वीसेक अंश फिरली. दोन तासांनी मालक झोपेतून उठून वर आले, ताऱ्यांकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता फोन उचलून खाली नेऊन ठेवला.

नांगराचं सांगतो, कारण तिथं तुझा जुना स्मार्टफोन रोज कामाला येईल. आपल्याला नांगर म्हणजे जमिनीचा. मराठीत दोघांना एकच शब्द आहे आणि गंमत म्हणजे होडीचा एक प्रसिद्ध नांगर खरोखर फाळाच्या आकाराचाच आहे. जी. आय. टेलर नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९३३ मध्ये तो समुद्रावर उतरणाऱ्या विमानांसाठी काढला, नाव सीक्यूआर. भराभर म्हटलं की इंग्रजीतलं 'सिक्युअर' ऐकू येतं. फरक एवढाच की आपला नांगर ओढला की पुढं चालावा लागतो, हा ओढला की आणखी खोल रुतून थांबावा लागतो. तो थांबतो साखळीच्या लांबीवर. पाणी ५ मीटर, होडीचं नाक त्यावर १ मीटर, झाले ६. त्याच्या पाचपट, ३० मीटर साखळी सोड. दोरी असेल तर सातपट. खोली भरतीची धरायची. गोव्यात भरती-ओहोटीत दोनेक मीटरचा फरक, मुंबईला चार-पाच. मग जुन्या फोनवर नांगराचा अलार्म लाव: नांगर जिथं पडला ती जागा मध्य, साखळीची लांबी आणि होडीची लांबी मिळून त्रिज्या. होडी त्या गोलाबाहेर सरकली की फोन बोंबलतो. तरी रात्री दोनदा उठून किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत आहेत का ते डोळ्यांनी बघ. रानडुकरांसाठी जागलीला गेला असशील तर ही झोप तुला ठाऊक आहे, एक कान उघडा ठेवून घेतलेली.

जिवाचा प्रश्न आला तर मोबाईलवर विसंबू नको. होडीवर व्हीएचएफ संच, म्हणजे बोलायचा रेडिओ, असतो, डोलकाठीच्या टोकावर अँटेना, २५ वॅट. चॅनेल १६. त्याचं मोठं हे की मोबाईलवर तू एकाला सांगतोस, १६ वर जवळपासची प्रत्येक होडी, ट्रॉलर आणि जहाज ऐकतं. संच चालवायला परवाना लागतो, तो मालकांकडे असेल. पण संकटात कुणीही बोलावं. पहिल्याच दिवशी मालकांकडून शीक: लाल बटण झाकण उघडून दाबून धरायचं, मग 'मेडे' ही संकटाची हाक तीनदा, होडीचं नाव, जागा, काय झालंय, माणसं किती. हे मराठीतून कागदावर लिहून संचाच्या वर चिकटव, घाबरल्यावर आठवत नाही. रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ फोनमध्ये टाकून ठेव. आणि कुणी म्हणालं सॅटेलाइट फोन किंवा तो छोटा सॅटेलाइट मेसेंजर ने, तर आपल्या देशात सरकारी परवानगीशिवाय तो जवळ बाळगणंही गुन्हा आहे. विमानतळावर पर्यटक पकडले गेलेत.

थोडक्या शब्दांत संदेश लिहायची सवय लाव. आमच्या एसएमएसला १६० अक्षरं होती, मराठीत टाइप केलं तर ७०, आणि प्रत्येकाचे पैसे. त्यात आम्ही मयतीपासून लग्नापर्यंत सगळं बसवलं. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात, एकट्यानं जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत असलेल्या भारतीय नौदलाच्या अभिलाष टॉमींच्या होडीची डोलकाठी मोडली, पाठीला मार लागून ते उठू शकत नव्हते. तेव्हा त्यांनी छोट्या यंत्रावरून तुटक चार-चार शब्दांचे संदेश पाठवले: काय मोडलं, काय दुखतंय, काय करता येत नाही. त्यावर जहाजं निघाली आणि फ्रेंच गस्ती जहाजानं त्यांना उचललं. एक कांडी येते-जाते आहे, अशा वेळी व्हॉट्सॲपवरचा फोटो वर चढत नाही, साधा एसएमएस निसटतो. घरच्यांना सांग, तू फोटो पाठवला नाहीस म्हणून रुसू नका.

मळमळीबद्दल तू विचारलं नाहीस, पण पहिले तीन दिवस लागेल. तेव्हा खाली बसून स्क्रीन बघू नको, वर ये, क्षितिजाकडे बघ. पाण्याचंही विचारलं नाहीस. माणशी पाच लिटरात दिवस काढायचा असतो. मे महिन्यात टँकरची वाट बघितलेल्या माणसाला त्याचं शिक्षण द्यायची गरज नाही. उलट मालकिणीला तू शिकवशील.

तर तीन फोन ने: एक रोजचा, एक जुना स्मार्टफोन नांगरासाठी आणि डोलकाठीवर चढवायला, एक अकराशे, बंद करून, बॅटरी वेगळी काढून, डब्यात. दसऱ्याआधी बाजाराच्या दिवशी आर्णीला येऊन जा. नॅनो सिमचे अडॅप्टर माझ्याकडे अजून डबाभर पडलेत, आणि टी-६ चा पेचकस पण देतो. येताना बाबांना घेऊन ये. त्यांचा फोन कदाचित माझ्याच टपरीवर उघडला गेला असेल. मागच्या झाकणाच्या आत मी बारीक अक्षरात तारीख लिहायचो.